दार वाजवून ये!

त्याची एक, माझा एक आणि टू बीएचके. दुसऱ्या लग्नातून उभ्या राहिलेल्या घरात प्रेम आपल्या सवडीने येतं, पण प्रायव्हसीचं टेन्शन मात्र गृहप्रवेशाच्या दिवसापासून हजर असतं. अशाच एका घरातून थेट...

तुमच्या घरात किती दारं आहेत? मोजलीयेत कधी?

मी मोजलीयेत. आमच्या कर्वेनगरच्या टू बीएचकेमध्ये सात आहेत. मुख्य दार, त्यापुढचं सेफ्टी डोअर, दोन बेडरूम, दोन बाथरूम आणि गेल्या पावसाळ्यापासून धड न सरकणारं बाल्कनीचं सरकतं दार. ह्या सात दारांमागे आम्ही चार माणसं राहतो आणि पाटीवर तीन आडनावं आहेत. नवरा आणि त्याची लेक यांचं एक. माझ्या मुलाचं दुसरं, त्याच्या वडिलांचं. तिसरं माझं, माहेरचं, जे मी दोन्ही लग्नांत बदललं नाही. कुरिअरवाला दर वेळी विचारतो, "मॅडम, पेइंग गेस्ट ठेवता का?"

आमची कुंडली थोडक्यात सांगते. नवऱ्याचा २०१९ मध्ये परस्पर संमतीने घटस्फोट झाला. लेक त्याच्याकडे असते, एक वीकेंड सोडून एक वीकेंड आईकडे ठाण्याला जाते. माझा पहिला नवरा एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेला. तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही दोघांनी रजिस्टर लग्न केलं. तेव्हा ती अकराची होती, हा पाचचा. आता ती आठवीत आहे, हा दुसरीत.

लेखात त्यांची नावं नाहीत. तिला मी मोठी म्हणणार आहे, त्याला धाकटा. नावं का नाहीत, ते पुढे कळेलच.

ब्लेंडेड की मिसळ?

अशा कुटुंबाला हल्ली ब्लेंडेड फॅमिली म्हणतात. ऐकायला झकास वाटतं, कॉफीच्या ब्रँडसारखं. पण ब्लेंडेड म्हटलं की मला मिक्सर दिसतो. झाकण दाबून धरा, बटण फिरवा, दोन मिनिटांत सगळं एकजीव! आमच्याकडे तसलं काही झालं नाही. आमची आपली मिसळ आहे. फरसाण वेगळं दिसतं, मटकी वेगळी, कांदा वेगळा. रस्सा तेवढा सगळ्यांवर सारखा.

मराठीत ह्याला शब्द काय, तर 'सावत्र'. हा शब्द उच्चारला की समोर कैकेयी उभी राहते, नाहीतर ध्रुवबाळाला बापाच्या मांडीवरून उठवणारी सुरुची. पेपरात एखाद्या जिल्ह्याला निधी मिळाला नाही की लगेच 'सावत्रपणाची वागणूक'! बिचारी सावत्र आई कलेक्टर ऑफिसच्या भानगडीतसुद्धा बदनाम.

गंमत म्हणजे ज्यांच्या नावाच्या उपनगरात आम्ही राहतो, त्यांचं घरही असंच होतं. महर्षी कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेल्या. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई ह्या विधवेशी लग्न केलं. त्याच पुढे आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. ह्या लग्नापायी मुरुडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांना वाळीत टाकलं, हे शाळेत आपण सगळे शिकलो. पण राधाबाईंचा मुलगा रघुनाथ, म्हणजे पुढे 'समाजस्वास्थ्य' काढणारे र. धों. कर्वे, त्या वेळी अकरा वर्षांचा होता, हे माझ्या लक्षात आलं ते लग्नानंतर. अकरा! आमच्या मोठीएवढाच. ऑफिसला जाताना कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला अडकले की मला हल्ली समाजसुधारणा आठवत नाही. तो अकरा वर्षांचा मुलगा नव्या आईला पहिल्या दिवशी काय म्हणाला असेल, एवढाच प्रश्न पडतो.

कारण हाक हाच आमच्या घरातला पहिला पेच होता. धाकट्याने तो एका मिनिटात सोडवला. गेलेले ते 'पप्पा', हे 'बाबा'. विषय संपला. मोठीचं मात्र अडलं. 'आई' ठाण्याला आहे. 'काकू' म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या. 'मावशी' म्हटलं की कामाच्या मावशी वळून बघतात. मग तिने मराठी भाषेचा पुरेपूर फायदा घेतला. तब्बल सात महिने ती मला 'अगं', 'ऐक ना' आणि 'बाबा कुठेय?' एवढ्यावर चालवत होती. मी वाट पाहिली. दुसरं करणार तरी काय?

ती बॅग

मी सांगलीतल्या एका वाड्यात वाढले. तिथे दाराला कडी फक्त रात्री लागायची. दिवसा कुणी खोलीचं दार लावून बसलं की आजी विचारायची, "बरं वाटत नाही का गं?" प्रायव्हसीला आपल्याकडे धड शब्दसुद्धा नाही. 'खासगीपणा' म्हटलं की सरकारी जीआर वाटतो, 'एकांत' म्हटलं की कविता. त्यामुळे घरातल्या मुलीची बॅग उघडणं म्हणजे काही आगळीक आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ठाण्याच्या वीकेंडची एक निळी सॅक आहे. शनिवारी सकाळी बाप लेकीला लोणावळ्यापर्यंत नेतो, तिकडून तिची आई येते. चिक्कीच्या एका दुकानासमोर हस्तांतरण होतं. रविवारी संध्याकाळी हाच प्रकार उलटा. मोठीकडे सगळं दोन-दोन आहे. दोन टूथब्रश, दोन चार्जर, दोन उशा. सॅक तेवढी एकच.

पहिल्याच महिन्यात एका रविवारी रात्री मी ती सॅक उघडली, कपडे काढले आणि मशीनला लावले. सोमवारची घाई, युनिफॉर्मबरोबर तेही धुऊन होतील, एवढाच हिशोब. सकाळी मोठीने दोरीवर कपडे पाहिले आणि अशी काही रडली की मी गडबडून गेले. मला वाटलं, खिशात काही राहिलं असेल. पैसे? चिठ्ठी? "काही नाही," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

उलगडा तिच्या बापाने केला. ठाण्याहून आणलेला टी-शर्ट ती मंगळवारपर्यंत उशाशी ठेवते. त्याला आईच्या घरचा वास असतो. तो मी वॉशिंग पावडरने घालवला होता.

"आधी नाही का सांगायचंस?" मी नवऱ्यावर भडकले. "तिने मला सांगितलं होतं, तुला सांग असं नव्हतं सांगितलं," तो म्हणाला. मला राग आला, पण दोन दिवसांनी पटलं. बाप-लेकीमध्ये काही गोष्टी माझ्या येण्याआधीपासून आहेत. त्या मला कळल्याच पाहिजेत, असा हट्ट धरायचं कारण नाही.

पॅट्रिशिया पेपरनाऊ ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अशा कुटुंबांवर अनेक वर्षं काम करतायत. त्यांचं म्हणणं असं की ह्या घरांत कुणीतरी कायम 'आतला' असतो आणि कुणीतरी 'बाहेरचा'. बाप-लेक आत, नवी बायको बाहेर. मी आणि धाकटा आत, नवरा बाहेर. स्वभावाचा दोष कुणाचाच नसतो, घराची रचनाच तशी असते. आणि घडी बसायला महिने नव्हे, वर्षं लागतात. त्यांचा आणखी एक सल्ला आम्हाला फार कामाला आला. सुरुवातीची काही वर्षं रागवायचं, शिस्त लावायची ती सख्ख्या पालकाने. नव्याने फक्त ओळख वाढवायची. हे सगळं मी वाचलं, पण खूप उशिरा. त्याआधी व्हायचा तो घोळ होऊन गेला होता.

एकशे त्रेचाळीस लाइक्स

दिवाळी २०२३. लग्नानंतरची आमची पहिलीच. लक्ष्मीपूजनाला मी पैठणी काढली होती, मोठीने परकर-पोलकं घातलं होतं, धाकट्याच्या हातात फुलबाजी. शेजाऱ्यांच्या मुलाने फोटो काढला आणि तो असा काही सुंदर आला! चौघंही हसतायत, कुणाचे डोळे मिटलेले नाहीत. दोन वर्षं मी लोकांच्या 'सो सॉरी' ऐकत होते. मला तो फोटो जगाला दाखवायचा होता. इन्स्टावर टाकला, व्हॉट्सअॅप स्टेटसला लावला. वर लिहिलं, 'आमचं चौकोनी कुटुंब! नव्या सुरुवातीची पहिली दिवाळी.'

एकशे त्रेचाळीस लाइक्स. ऑफिसमधून बदाम, बॉसकडून 'लव्हली फॅमिली'. मी हवेत.

मोठीच्या वर्गातल्या एका मुलीची आई माझ्या जिममधली. तिने स्टेटस पाहिलं. सहज म्हणून लेकीला विचारलं, "अगं, तुझ्या वर्गातली ना ही? हिच्या बाबांनी दुसरं लग्न केलं?" सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा सगळ्या वर्गाला माहीत होतं.

मोठीने वर्गात ह्यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. 'आई जॉबसाठी ठाण्याला असते,' एवढंच. ते खोटंही नव्हतं. तिने अर्धं सांगितलं होतं आणि उरलेलं अर्धं कधी, कुणाला, कसं सांगायचं हे तिचं तिने ठरवायचं होतं. ते मी एका हॅशटॅगसकट सांगून टाकलं.

ती ओरडली नाही. आदळआपट केली नाही. शाळेतून आली, वहीचं पान फाडलं, स्केचपेनने लिहिलं आणि सेलोटेपने दारावर चिकटवलं. 'दार वाजवून ये. उत्तर आलं तरच.'

त्यानंतर सतरा दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. 'अगं'सुद्धा नाही.

मी काय काय केलं म्हणून विचारता? मोमो आणले. नवं कंपासपेटी-किट आणलं. दाराबाहेरून "हॉट चॉकलेट घेणार का?" असं मंजुळ आवाजात विचारलं. नवरा लेक्चर द्यायला निघाला होता, "घरात असं अबोला धरून चालत नाही" वगैरे. त्याला सासूबाईंनी थांबवलं. त्या साताऱ्याहून आल्या होत्या. मला म्हणाल्या, "अगं, तिला खाऊ नकोय. चूक झाली म्हणालीस का एकदा तरी? सरळ, किंतु-परंतु न लावता?"

मी आठवून पाहिलं. 'सॉरी बेटा, पण मला वाटलं की...' असं म्हणाले होते. चार वेळा. प्रत्येक वेळी 'पण' होताच.

त्याच आठवड्यात ठाण्याहून फोन आला. मोठीच्या आईचा, पहिल्यांदाच थेट मला. माझ्या पोटात गोळा. त्या शांतपणे म्हणाल्या, "फोटो छान होता हो. मला तुमच्या लग्नाबद्दल काहीच म्हणायचं नाहीये. फक्त माझ्या मुलीला शाळेत त्रास होतोय, हे मला तिच्या क्लासटीचरकडून कळलं. तुमच्याकडून कळायला हवं होतं." मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं." ह्या वेळी 'पण' जोडला नाही.

रात्री मी फोटो काढून टाकला आणि एक कागद मोठीच्या दाराखालून आत सरकवला. 'चूक माझी. तुझी गोष्ट मी सांगायला नको होती. फोटो काढलाय. ह्यापुढे तुझ्याबद्दल कुठेही काहीही टाकण्याआधी तुला विचारेन. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.' दोन दिवसांनी तोच कागद माझ्या लॅपटॉपवर ठेवलेला मिळाला. मागच्या बाजूला एक ओळ होती. 'स्क्रीनशॉट सगळ्यांकडे आहे. पण ओके.'

त्या 'पण ओके'वर मी एक अख्खा दिवस काढला. मीटिंगमध्ये, ट्रॅफिकमध्ये. स्क्रीनशॉट परत घेता येत नाहीत हे ती मला सांगत होती, आणि तरीही ओके म्हणत होती.

नवरा-बायको पार्किंगमध्ये

तुम्ही म्हणाल, मुलांच्या प्रायव्हसीचं ठीक आहे, पण तुम्हा दोघांचं काय? आहा! कळीचा प्रश्न.

साध्या लग्नात आधी नवरा-बायको असतात, मग मुलं येतात. आमच्याकडे मुलं आधीच हजर होती. हनिमूनला सहा जण गेलो, कारण सासूबाई आणि धाकट्याच्या नाशिकच्या आजी दोघींनाही कोकण बघायचं होतं. घरात आमच्या बेडरूमचं दार लावलं की तिसऱ्या मिनिटाला धाकटा विचारतो, "आत काय चाललंय?" भांडायचं तरी कुठे? माझा आवाज चढला की मोठीला तिच्या आई-बाबांची जुनी भांडणं आठवतात. हे तिने नाही सांगितलं, तिच्या चेहऱ्यावरून कळतं.

शेवटी आम्ही जागा शोधली. बेसमेंट पार्किंग. तो विमाननगरहून येतो, मी हिंजवडीहून, साडेआठच्या सुमाराला. जो आधी येतो तो गाडीत थांबतो. मग वीस मिनिटं त्याच्या गाडीत दोघं. भांडण, पगाराचे हिशोब, अप्रेझलची रडगाणी, कधी नुसतंच गाणं ऐकत बसणं. सुरुवातीला वॉचमनला शंका आली. एकदा त्याने काचेवर टकटक करून विचारलं, "साहेब, सगळं ठीक आहे ना?" आता तो आम्हाला बघून लांबूनच सलाम ठोकतो.

कपाटातला फोटो

आतापर्यंत मी मोठीच्या प्रायव्हसीबद्दल बोलले. पण माझीही एक होती आणि ती मागायचं धाडस मला होत नव्हतं.

माझ्या पहिल्या नवऱ्याचा फोटो कुठे लावायचा? लग्नाच्या आधीच ह्या नवऱ्याने मोठ्या मनाने सांगितलं होतं, "हॉलमध्ये लाव. धाकट्याला रोज दिसला पाहिजे." नातेवाईक ऐकून भारावले. पण मला तो हॉलमध्ये नको होता. हार घातलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघून 'च् च्' करावं असा. मला तो माझ्या कपाटात हवा होता, साड्यांच्या कप्प्याच्या आतल्या बाजूला. ह्यात लपवाछपवी नव्हती. तेवढी एक जागा मला माझी हवी होती, इतकंच. हे सांगायला मला चार महिने लागले. नवरा म्हणाला, "तुझं कपाट आहे." बस, एवढंच.

धाकट्याच्या पलंगाशेजारी त्याच्या पप्पांचा वेगळा फोटो आहे, क्रिकेटची बॅट घेतलेला. तो त्याने निवडला. दर गुरुवारी रात्री नाशिकच्या आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल येतो. त्या वेळी खोलीत फक्त धाकटा. आम्ही तिघं बाहेर. आजी-आजोबांना नातवाशी त्याच्या पप्पांबद्दल बोलायचं असतं आणि ते माझ्यासमोर बोलताना त्यांना अवघडल्यासारखं होतं, हे मला कळतं.

जुन्या फोनवर माझ्याकडे काही व्हॉइस नोट आहेत. 'दूध आणतोय, अजून काही?' छापाच्या. एकदा रात्री बाल्कनीत बसून मी त्या ऐकत होते. बाल्कनीचं ते अडकणारं दार अर्धवट सरकलं. नवरा होता. त्याने ऐकलं असणार. तो काही बोलला नाही, आत गेला आणि दार हलकेच लोटून घेतलं. त्या दाराचा कायम कर्कश आवाज होतो. त्या दिवशी झाला नाही. दुसऱ्या दिवशीही त्याने काही विचारलं नाही. आजतागायत नाही. ह्या माणसाशी लग्न केलं ते बरंच केलं, असं मला त्या रात्री नक्की वाटलं.

कागदावरचं घर

थोडं रुक्ष, पण महत्त्वाचं. घरातली नाती आपण जमवतो, कागदावरची वेगळी जमवावी लागतात.

धाकट्याच्या शाळेच्या फॉर्मवर कुणाचं नाव लिहायचं, ह्यावर आमच्या घरी तीन पिढ्यांची मीटिंग झाली. तेव्हा कळलं की सुप्रीम कोर्टाने जुलै २०२२ मध्ये अगदी ह्याच विषयावर निकाल दिलाय. पतीच्या निधनानंतर पुन्हा लग्न केलेली एक आई कोर्टात गेली होती. मुलाचं आडनाव ठरवायचा अधिकार नैसर्गिक पालक म्हणून आईला आहे, असं कोर्टाने सांगितलं. मुलाच्या कागदपत्रांत नव्या वडिलांची नोंद 'सावत्र वडील' अशी करण्याचा हायकोर्टाचा आदेशही रद्द केला. त्याचा मुलाच्या मनावर आणि आत्मसन्मानावर काय परिणाम होईल ह्याचा विचारच झालेला नाही, असं कडक शब्दांत सुनावलं. आम्ही धाकट्याचं आडनाव आहे तेच ठेवलं. मोठा झाल्यावर बदलायचं असेल तर त्याने बदलावं.

दुसरी गोष्ट वारशाची. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात सावत्र मूल हे सावत्र आईचं किंवा वडिलांचं थेट वारस धरलं जात नाही. म्हणजे उद्या मला काही झालं तर माझ्या नावावरच्या पैशांत मोठीचा थेट वाटा नाही, आणि नवऱ्याला काही झालं तर धाकट्याचा नाही. उपाय साधा आहे. मृत्युपत्र करा. आम्ही पस्तिशीतच केलं, एका शनिवारी, वकिलांकडे जाऊन. बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. पीएफ, विमा, म्युच्युअल फंड सगळीकडची नॉमिनेशनं तपासा. आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही वकिलांकडून नीट समजून घ्या.

तिसरी, दत्तक. सावत्र मुलाला कायद्याने दत्तक घेता येतं. २०२२ च्या दत्तक नियमांनुसार जोडप्याने 'कारा'च्या पोर्टलवर नोंदणी करायची असते. मुलाच्या ताब्याचा वाद कोर्टात चालू असेल तर तो मिटल्यावरच ही प्रक्रिया सुरू होते. आम्ही अजून विचार करतोय. घाई नाही.

प्रायव्हसीचा कायदा मात्र मला मोठीने ऐकवला. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमताने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलंय. हे तिने नेटवर शोधून काढलं आणि जेवताना जाहीर केलं. धाकट्याने विचारलं, "म्हणजे ताई, मी पण दार वाजवायचं?" "तू आधी," ती म्हणाली.

टकटक

आज आमच्याकडे सगळं गोडगुलाबी आहे का? छे! मोठीचा फोन बघायचा की नाही, ह्यावर अजून वाद होतात. तेरा वर्षांच्या मुलीला इंटरनेटवर मोकळं सोडायचं नाही आणि तिच्या मैत्रिणींच्या गप्पाही वाचायच्या नाहीत, हे जमवायचं कसं? सध्याचा तह असा. फोन फक्त बाप बघतो, आधी सांगून, तिच्यासमोर. मी बघत नाही. तिच्या आईत आणि माझ्यात एक सामायिक कॅलेंडर आहे. परीक्षा, डेंटिस्ट, गॅदरिंग, ठाण्याचे वीकेंड. बाकी काही नाही. आम्ही मैत्रिणी नाही आणि त्याची गरज दोघींनाही वाटत नाही.

तो दारावरचा कागद अजून आहे. सेलोटेप पिवळा पडलाय. मी रोज दार वाजवते. कधी उत्तर येतं, कधी नाही. नाही आलं तर मी परत जाते आणि वरणाला फोडणी घालते.

गेल्या महिन्यात एका रात्री साडेअकराला आमच्या बेडरूमच्या दारावर टकटक झाली. धाकटा कधी वाजवत नाही, थेट घुसतो. मी उठून दार उघडलं. मोठी होती. म्हणाली, "बाबाला उठवू नकोस. तू ये ना जरा." आम्ही स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसलो, दीड वाजेपर्यंत. ती काय बोलली ते मी तुम्हाला सांगणार नाही. तिने मला त्या रात्री पहिल्यांदा एका नावाने हाक मारली. तेही सांगणार नाही.

हा लेख छापायला पाठवण्याआधी तिने वाचला. तशी आमची अटच होती. तीन परिच्छेद तिने उडवले, टी-शर्टचा ठेवला. फोटोच्या भागात मी 'एकोणीस दिवस' लिहिलं होतं, ते खोडून तिने 'सतरा' केलं. समासात पेन्सिलने लिहिलं होतं, 'मी मोजलेत.'

आमच्या फ्रिजवरून

(चौघांनी मिळून केलेले नियम. दर सहा महिन्यांनी बदलायची मुभा आहे.)

१. दार वाजवायचं आणि उत्तराची वाट बघायची. धाकट्यालाही लागू. आजींनाही.

२. कुणाचाही फोटो टाकण्याआधी त्याला विचारायचं. 'नाही' म्हटलं तर कारण विचारायचं नाही.

३. एका घरातल्या गोष्टी दुसऱ्या घरात विचारायच्या नाहीत. 'तिकडे काय जेवलीस?' चालेल. 'तिकडे कोण आलं होतं?' चालणार नाही.

४. निळ्या सॅकला हात लावायचा नाही. धुवायचे कपडे जिचे तिने मशीनपाशी आणून टाकायचे.

५. कुणी कुणाला काय हाक मारायची, हे हाक मारणाऱ्याने ठरवायचं.

६. गुपित ठेवायला परवानगी आहे. पण कुणी त्रास देत असेल, धमकी देत असेल किंवा भीती वाटत असेल, तर ते गुपित नाही. ते घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला लगेच सांगायचं. ठाण्याच्या आईलाही चालेल.

७. आई-बाबा गाडीत बसलेले असताना फोन करायचा नाही. (हा आम्ही घातला. मुलांनी बिनविरोध मंजूर केला, वर धाकट्याने 'फक्त वीस मिनिटं' असं कंसात लिहिलं.)